‘स्टोरेज फुल’ पुन्हा पुन्हा का येतं? फोटो उडवण्याआधी हे तपासा

लक्षण ओळखीचं आहे. ‘स्टोरेज जवळजवळ भरलं आहे’ अशी सूचना येते, आपण हाताला लागतील ते चार व्हिडिओ उडवतो, एखादं ॲप काढून टाकतो, सूचना जाते. काही दिवसांनी तीच सूचना पुन्हा हजर. आणि ती यायची वेळही ठरलेली: कॅमेरा चालू आहे, समोर स्टेजवर पोरगं नाचतंय आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबतं.

कधीकधी सूचना येतही नाही, नुसता त्रास सुरू होतो. ॲपचं अपडेट अडकून बसतं, आलेला फोटो उघडत नाही, कॅमेऱ्याचा ‘खटक’ आवाज होतो पण फोटो गॅलरीत सापडत नाही, कीबोर्ड वर यायलाही वेळ लागतो. लोक म्हणतात फोन जुना झाला. झाला असेलही, पण आधी मोकळी जागा बघा. फोनमधली साठवण फ्लॅश मेमरीची असते. तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं काही लिहिता येत नाही, आधी ती पुसावी लागते, आणि पुसायचं तर एक अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. त्यामुळे फोन आतल्या आत डेटा इकडचा तिकडे हलवून ब्लॉक रिकामे करत असतो. मोकळी जागा भरपूर असली की हे काम फोन चार्जिंगला लावून पडलेला असताना गुपचूप उरकतं. जागा संपत आली की तेच काम तुमच्या वापराच्या मध्ये मध्ये येतं आणि फोन अडखळतो. मी एकूण जागेच्या निदान दहा टक्के मोकळे ठेवते. हा कुणी घालून दिलेला नियम नाही, माझ्यापुरता ठरवलेला आकडा आहे.

आता मुद्द्याचं. या दुखण्यावर बहुतेक जण जे करतात ते म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. फोन किती भरलाय हे सूचनेतच लिहिलेलं असतं. तो कशाने भरत चाललाय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं, आणि ते कळल्याशिवाय सूचना थांबत नाही. घरातले आणि ओळखीपाळखीचे असे फोन नेहमी माझ्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकांना एकेक, फार तर दोन कारणं पुरतात. दहा सेटिंग बदलावी लागतील असा फोन विरळाच.

या मिनिटाला जागा हवी असेल तर

फोटो निवडत बसू नका. घाईत उडवलेला फोटो नेमका हवा असलेलाच निघतो.

सगळ्यात आधी कचऱ्याचा डबा रिकामा करा. गॅलरीतून उडवलेला फोटो लगेच जात नाही. आयफोनवर तो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस पडून राहतो, कधी ४० पर्यंतही. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस आणि बॅकअप न झालेला ३० दिवस असतो. ‘एवढं उडवलं तरी आकडा हलेना’ ही तक्रार ऐकली की मी आधी हा डबा उघडते. फाइल्सच्या ॲपला स्वतःचा वेगळा डबा असतो, तोही बघायचा. (डबा रिकामा केला की परतीची वाट बंद, म्हणून आत काय आहे यावरून एकदा नजर फिरवा.)

मग ऑफलाइन ठेवलेल्या गोष्टी. व्हिडिओच्या आणि गाण्यांच्या ॲपमध्ये प्रवासासाठी उतरवून ठेवलेले भाग, पॉडकास्टचे ऐकून झालेले किंवा कधीच न ऐकलेले एपिसोड, मागे कुठे तरी जाताना उतरवलेले नकाशे. हे सगळं हवं तेव्हा पुन्हा उतरवता येतं, त्यामुळे बिनधास्त काढा. पॉडकास्टच्या ॲपमध्ये नवे भाग आपोआप उतरवायचं सेटिंग चालू असेल तर ते इथेच बंद करून टाका.

एवढ्याने आजची वेळ निभावते. मूळ दुखणं तसंच राहतं.

वाढ कुठे होतेय ते मोजा

सेटिंगमध्ये स्टोरेजचा पडदा उघडा. ॲप, फोटो, व्हिडिओ, सिस्टीम अशा रंगीत पट्ट्या दिसतील. बहुतेक लोक सगळ्यात लांब पट्टी बघून तिच्यावर तुटून पडतात. लांब पट्टी म्हणजे साठलेलं. ते कदाचित तीन वर्षांपासून तेवढंच असेल. आपल्याला वाढणारी पट्टी हवी आहे. म्हणून या पडद्यावरचे आकडे कागदावर उतरवून घ्या. खाली ॲपची यादी असते, तीत सगळ्यात जागा खाणारी पाच-सहा ॲप आणि त्यांचे आकडे हेही लिहा. आठवडाभर फोन नेहमीसारखा वापरा, काहीही उडवू नका, आणि पुन्हा आकडे घ्या. स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी चालेल. स्क्रीनशॉटही शेवटी जागाच खातात, पण तेवढी सूट.

दोन आकड्यांतला फरक म्हणजे निदान. मेसेजचं ॲप वाढलं असेल तर पुढचा भाग वाचा, कॅमेरा वाढला असेल तर त्याच्या पुढचा. सगळं करत बसण्याची गरज नाही.

एक शंका इथेच मिटवून टाकते, कारण ती हटकून निघते. १२८ जीबीचा फोन घेतला आणि काही उपकरणांवर ११९च दिसतात, बाकीचे गेले कुठे? कुठेही गेले नाहीत. बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, आणि काही सॉफ्टवेअर १०२४ च्या पटीत मोजतं. माप तेच, फूटपट्टी वेगळी. त्यातून पुढे ऑपरेटिंग सिस्टीम आपला वाटा घेते, तो मात्र खराच जातो.

मेसेजची ॲप

दहातल्या आठ वेळा हेच निघतं, म्हणून इथे जरा थांबू या.

मामाचा फोन मी साफ करून दिला होता, तो पुन्हा भरला. “अगं, परवाच तर सगळं काढून दिलंस ना?” हे वाक्य तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, जणू मी काम अर्धवट सोडलं होतं. गॅलरी उघडली तर ती खरोखरच स्वच्छ होती. मागच्या वेळी कुणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने व्हॉट्सॲपमधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केलं होतं, आणि आता फोटो येतच नाहीत अशी त्याची समजूत झाली होती. या सेटिंगचा अर्थ एवढाच की आलेल्या गोष्टी गॅलरीत दाखवायच्या नाहीत. त्या फोनमध्ये उतरतात तशाच उतरतात, फक्त नजरेआड होतात. भरणाऱ्या फोनवर हे सेटिंग उलट घातक आहे, कारण पसारा दिसला तर माणूस कधी तरी आवरतो.

मग फाइल्सच्या ॲपमधून आत गेलो. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचं सामान ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप नावाचं फोल्डर, त्यात ‘व्हॉट्सॲप’ आणि त्यात पुन्हा ‘मीडिया’ अशा पाच दारांमागे असतं. तिथे ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ आणि ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’ अशी फोल्डरं, आणि त्या प्रत्येकात ‘सेंट’ नावाचं आणखी एक. आपण गॅलरीतून जे पाठवतो त्याची एक वेगळी प्रत या ‘सेंट’मध्ये राहते, आणि तीही गॅलरीत दिसत नाही. मामाने नातीचा एक व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता, मग तोच शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर आला, तिथून कुणी तरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पडद्यावर ती पोरगी ओळीने चार चौकोनांत एकाच क्षणी हसत होती: एक मूळ, एक पाठवलेली, दोन आलेल्या.

“पण मी तर कुणाला फारसं पाठवतच नाही,” मामा म्हणाला.

“मामा, तू नाही पाठवलंस तरी तुला सगळे पाठवतात. तू उघडतोस की नाही हे फोन विचारत नाही, आलं की उतरवून ठेवतो.”

तोच नळ. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आहे, त्यात ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’. अँड्रॉइडमध्ये मोबाइल डेटावर, वाय-फायवर आणि रोमिंगमध्ये काय आपोआप उतरवायचं ते तिथे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठरतं. बरेच जण डेटा वाचवायचा म्हणून पहिलं बंद करतात आणि वाय-फायचं तसंच ठेवतात. आणि फोन तर दिवसातला निम्मा वेळ वाय-फायवरच असतो. वाय-फायचीही चारही खुणा काढा: फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट. मग आलेला फोटो धूसर दिसेल, हवा असेल तर बोट लावा, उतरेल. पहिले दोन दिवस चिडचिड होते. नंतर लक्षात येतं की निम्म्या धूसर चौकोनांना बोट लावावंसंच वाटत नाही. शुभेच्छांचं चित्र धूसर असलं तरी ते शुभेच्छांचंच आहे हे कळतं, आणि शुभेच्छाही पोचतात.

साठलेलं काढायला त्याच सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. ५ एमबीहून मोठ्या फाइली एका जागी, अनेकदा फॉरवर्ड झालेल्या एका जागी आणि खाली कोणत्या चॅटने किती जागा घेतली त्याची उतरत्या क्रमाने यादी. ही यादी वाचणं हा एक वेगळाच अनुभव असतो. जिवाभावाच्या माणसाशी वर्षानुवर्षं केलेल्या गप्पा यादीत कुठे तरी खाली असतात, कारण मजकुराला जागा लागतेच किती! आणि ज्या ग्रुपमध्ये आपण एकदाही तोंड उघडलेलं नाही तो सगळ्यात वर बसलेला असतो. साफसफाईची सुरुवात त्या वरच्यापासून करा. पूर्ण चॅट उडवायचं नसेल तर आत जाऊन फक्त व्हिडिओ निवडता येतात. ज्या ग्रुपमधलं काहीच जपायचं नाही तिथे मेसेज आपोआप नाहीसे व्हायची मुदत लावता येते: २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. ग्रुपमध्ये हे सर्वांना लागू होतं, तेव्हा आधी विचारून घेतलेलं बरं.

टेलिग्रामचं गणित निराळं आहे. तिथल्या साध्या चॅटमधल्या फाइली कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि फोनमधली असते ती कॅश, म्हणजे तात्पुरती प्रत. ‘डेटा अँड स्टोरेज’मधल्या ‘स्टोरेज युसेज’मध्ये जाऊन ती साफ केली तर काही हरवत नाही, पुन्हा बघायचं तर पुन्हा उतरतं. तिथेच कॅश किती दिवस ठेवायची आणि जास्तीत जास्त किती वाढू द्यायची हे ठरवता येतं. मोठमोठे चॅनेल बघणाऱ्यांनी हे एकदा लावून टाकावं आणि विसरून जावं.

आयफोनच्या स्वतःच्या ‘मेसेजेस’मध्ये जुने मेसेज ३० दिवस, एक वर्ष की कायमचे ठेवायचे असा पर्याय आहे. तो बदलण्याआधी थांबून विचार करा. तिथे जुन्या अटॅचमेंटबरोबर मजकूरही जातो.

कॅमेरा

फोटो सहसा दोषी नसतात, व्हिडिओ असतात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये तर हिशोबच लिहून ठेवलेला आहे: १०८०पी (चित्राची बारकाई; ४के म्हणजे त्याहून बारीक), सेकंदाला ३० फ्रेम या दराने एक मिनिट म्हणजे सुमारे ६० एमबी. ४के आणि ३० फ्रेम असेल तर १७० एमबी. ४के आणि ६० फ्रेम असेल तर ४०० एमबी. म्हणजे एकच दहा मिनिटांचा कार्यक्रम एका सेटिंगवर ६०० एमबी घेतो आणि दुसऱ्यावर ४ जीबी. हे आकडे नव्या, दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटचे आहेत. जुना, सगळीकडे चालणारा फॉरमॅट निवडलेला असेल तर ते आणखी फुगतात. अँड्रॉइडवर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पट साधारण तेच.

फोनच्या पडद्यावर बघायचा आणि ग्रुपवर पाठवायचा व्हिडिओ ४केमध्ये काढून काय मिळतं? पाठवताना तर ॲप तो दाबून लहानच करतं. मी रोजच्यासाठी १०८०पी ठेवते आणि खरंच मोठ्या पडद्यावर बघण्यासारखं काही असेल तेव्हाच वर जाते. नवा फोन घेतल्यावर ‘सगळ्यात भारी’ क्वालिटी एकदा लावली आणि तशीच राहिली, असे फोन पुष्कळ दिसतात. तसंच लाइव्ह फोटोचं. त्यात फोटोच्या आगेमागे दीडदीड सेकंदाचा व्हिडिओ असतो. बिलाच्या, पाटीच्या, गाडीच्या नंबरच्या फोटोलाही तो लागतो. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा खास मोड चालू राहिला असेल तर तोही बंद करा, नेहमीच्या फोटोच्या कितीतरी पट मोठी फाइल त्यातून निघते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत सेटिंगपेक्षा सवय अवघड, हे मान्य करायला हवं. रोलच्या कॅमेऱ्यात ३६ फोटो मिळायचे, त्यामुळे निवड बटण दाबण्याआधी व्हायची. आता ती नंतर करायची असते, आणि नंतर म्हणजे कधीच नाही. एका दृश्याचे अकरा फोटो काढतो, त्यांतला चांगला कोणता हे ठरवायला वेळ नसतो म्हणून अकराही ठेवतो. दोन वर्षांनी तर ते ठरवणं अशक्य होतं, कारण तोवर सगळेच आठवण झालेले असतात. आजचे अकरा आजच बघितले तर दोन मिनिटांत एकावर येतात, कारण कोणाचे डोळे मिटलेत यापलीकडे त्यांच्यात अजून काही गुंतलेलं नसतं. म्हणून जुनी गॅलरी आवरायच्या भानगडीत पडू नका असंच मी सांगते. आजपासूनचं त्याच दिवशी आवरा, जुनं राहू दे. हूबहू एकसारख्या प्रती तेवढ्या फोनकडूनच शोधून घ्या. आयफोनवर आयओएस १६ पासून ‘डुप्लिकेट्स’ नावाचा अल्बम आपोआप बनतो. अँड्रॉइडवर गूगलच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये ‘क्लीन’ म्हणून भाग आहे, तिथे सारख्या फाइली, मोठ्या फाइली आणि जुने स्क्रीनशॉट वेगवेगळे काढून दाखवतात.

कॅश, आणि सफाईची ॲप

कॅश साफ करणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय आणि सगळ्यात कमी कामाचा. कॅश म्हणजे पुन्हा लागेल म्हणून ॲपने जवळ ठेवलेलं सामान. आज काढलं की उद्या वापरताना तेच पुन्हा उतरतं, वर डेटाही जातो. खरोखर जागा कमी पडली तर अँड्रॉइड आणि आयओएस दोघंही कॅश स्वतःच काढतात. एखाद्याच ॲपची कॅश अवाढव्य वाढली असेल तर ती जरूर काढा. रोज सगळ्यांची काढणं हा निव्वळ विरंगुळा आहे.

सावध राहायचं ते शेजारच्या बटणापासून. अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅश’च्या बाजूलाच ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ असतं. त्याने ॲप कोरं होतं: लॉगिन, सेटिंग, आणि मेसेजच्या ॲपमध्ये फोनवरच्या गप्पासुद्धा.

‘एका क्लिकमध्ये फोन साफ’ म्हणणारी तिसऱ्याच कुणाची तरी ॲप घेऊ नका. जी कामं ती करतात ती फोनमध्ये आधीच आहेत. वर ती स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवतात, आणि तुमच्या सगळ्या फाइली बघायची परवानगी मागतात.

कमी वापराच्या ॲपसाठी चांगली सोय दोन्हीकडे आहे. आयफोनवर ‘ऑफलोड’ केलं की ॲप जातं आणि त्यातली तुमची माहिती राहते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ॲप आपोआप ‘अर्काइव्ह’ करायचा पर्याय आहे, तोही असाच. चालू करून ठेवा.

‘बॅकअप आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

इथे खरं नुकसान होतं, म्हणून जागेची घाई बाजूला ठेवून वाचा.

‘फोटो क्लाउडवर आहेत, फोनमधले उडवले तरी चालेल’ हे वाक्य निम्मंच खरं आहे. आयक्लाउड फोटोज आणि गूगल फोटोज ही बॅकअपच्या नावाने ओळखली जात असली तरी वागतात जोडलेल्या आरशांसारखी. आयक्लाउड फोटोज चालू असताना आयफोनवर फोटो उडवला की तो क्लाउडवरून आणि तुमच्या बाकीच्या उपकरणांवरूनही जातो. गूगल फोटोजच्या ॲपमध्ये बॅकअप झालेला फोटो साध्या ‘डिलीट’ने उडवला तरी तेच: फोनमधला आणि क्लाउडवरचा, दोन्ही जातात.

जागा करायचा सुरक्षित मार्ग वेगळा आहे. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ नावाचं बटण आहे. ते फक्त ज्यांचा बॅकअप पूर्ण झालाय त्यांचीच फोनमधली प्रत काढतं आणि क्लाउडवरची ठेवतं. एखाद्याच फोटोसाठी ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ असा पर्याय मिळतो. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ निवडलं की मूळ मोठी फाइल आयक्लाउडवर राहते आणि जागा कमी पडेल तसतशी फोनमध्ये लहान प्रत उरते. यांत स्वतः काहीच उडवायचं नसतं.

बटण दाबण्याआधी एक तपासणी मात्र कराच. दुसऱ्या एखाद्या संगणकावर ब्राउझरमधून त्याच खात्यात जा आणि तुम्हाला गमावून चालणार नाहीत असे दोन-तीन फोटो आणि एखादा लांबलचक व्हिडिओ तिथे आहे का, उघडतो का, ते बघा. फोनमध्ये बघून उपयोग नाही, कारण तिथे फोनमधला आणि क्लाउडवरचा फोटो शेजारी शेजारी सारखेच दिसतात. हेही बघा की बॅकअप कोणत्या खात्यात चाललाय. जुन्या नोकरीच्या किंवा मुलाच्या खात्यात चाललेले बॅकअप मी पाहिले आहेत. आणखी एक: गूगल फोटोज कॅमेऱ्याचं फोल्डर बघतं, व्हॉट्सॲपचं, स्क्रीनशॉटचं किंवा डाउनलोडचं फोल्डर तुम्ही मुद्दाम चालू केल्याशिवाय त्यात येत नाही. नात्यातल्या लग्नाचे सगळे फोटो व्हॉट्सॲपवरच आलेले असतात, आणि लोक समजतात तेही वर गेले.

मग क्लाउडच भरतं. गूगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा थोड्या कमी क्वालिटीत हवे तेवढे फोटो फुकट ठेवता यायचे. ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांनी भागवायचं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आधी या हिशोबात नव्हता, २०२४ पासून तोही त्यातच आला. आयक्लाउडवर फुकटची जागा ५ जीबी. ही जागा संपली की बॅकअप निमूटपणे थांबतो, आणि गूगलच्या बाबतीत मेल येणंही बंद होतं. तेव्हा ‘स्टोरेज फुल’ ही सूचना फोनची आहे की खात्याची, हे नीट वाचा. दोन्हींचे शब्द इतके सारखे असतात की खात्याची जागा संपली म्हणून फोनमधले फोटो उडवणारे लोक भेटतात. गूगलच्या खात्याची जागा करायची तर व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. हा एकच बदल अनेकांना पुरतो.

माझं मत विचाराल तर क्लाउड एक असू दे, पण वर्षातून एकदा सगळे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ती डिस्क कशाशीही जोडलेली नसते, त्यामुळे इकडचं उडवलं तर तिकडचं जात नाही. बॅकअप या शब्दाला लायक तीच एक जागा.

मेमरी कार्ड

ज्या अँड्रॉइड फोनला खाच आहे त्यात कार्ड घालून सुटका होते का? फोटो, गाणी, सिनेमे ठेवायला होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘सेव्ह टू’ कार्ड असं केलं की नवे फोटो तिकडे जातात. ॲप मात्र कार्डावर नेऊ नका. अँड्रॉइड ६ पासून कार्डालाच फोनची आतली जागा बनवायची सोय आली, पण कार्ड आतल्या मेमरीपेक्षा हळू असतं आणि सगळा फोन त्या गतीवर येतो. शिवाय ते कार्ड त्या फोनशी बांधलं जातं, बाहेर काढून दुसरीकडे वाचता येत नाही. आणि कार्ड बिघडतं तेव्हा पूर्वसूचना देऊन बिघडत नाही.

फोनच लहान असेल तर

काही फोन खरंच अपुरे असतात, त्यांत मालकाचा दोष नसतो. २०१५ च्या आयफोन ६एसचंही सगळ्यात स्वस्त मॉडेल १६ जीबीचंच होतं. २०१४ मध्ये आयओएस ८ आलं तेव्हा ते थेट फोनवर घ्यायला साधारण ४.६ जीबी मोकळी जागा लागायची. १६ जीबीच्या फोनमध्ये ती आणायची कुठून? पुढच्या वर्षी आयओएस ९ साठी ॲपलने ती गरज १.३ जीबीपर्यंत खाली आणली. तेव्हा तुमच्या फोनवर तीन-चारच ॲप असूनही सिस्टीम आणि ॲप मिळून बहुतेक जागा खात असतील, आणि आठवड्याच्या मोजणीत काहीच विशेष वाढलेलं नसेल, तर उगाच फोटोंवर सूड काढू नका. अपडेटच अडत असेल तर आयफोन संगणकाला जोडून अपडेट करा, त्याला फोनवर कमी जागा पुरते. पुढचा फोन घेताना इतर कशात तडजोड करा, स्टोरेजमध्ये नको, कारण आतली जागा नंतर वाढवता येत नाही.

तरीही हिशोब लागत नसेल

ॲप, फोटो, व्हिडिओ सगळं मिळून जागा निम्मीच होते आणि बाकीची ‘सिस्टीम’ किंवा ‘अदर’मध्ये दिसते, असंही होतं. आधी फोन बंद करून चालू करा. अर्धवट उतरलेली अपडेट आणि तात्पुरत्या फाइली कधी कधी एवढ्यानेच सुटतात. रखडलेलं सिस्टीम अपडेट असेल तर ते पूर्ण करून घ्या. अँड्रॉइडवर दुसरं युजर खातं, गेस्ट किंवा ऑफिसचं वर्क प्रोफाइल बनवलेलं आहे का तेही बघा, कारण त्यांतलं सामान तुमच्या यादीत दिसत नाही. जुन्या अँड्रॉइड फोनवर कॅमेऱ्याचे फोटो असतात त्या डीसीआयएम फोल्डरमध्ये लपलेलं ‘थंबनेल्स’ फोल्डर असतं. त्यातली एकच फाइल काही जीबीची झालेली सापडू शकते. ती उडवली तरी मूळ फोटोंना धक्का लागत नाही, गॅलरी लागेल तशी नवी बनवते.

यानेही काही हललं नाही तर फॅक्टरी रीसेट उरतो, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा करणं. वरची ब्राउझरमधली तपासणी आणि चॅटचा बॅकअप झाल्याशिवाय त्याला हात लावू नका. बँकेची ॲप, ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) आणि पासवर्ड पुन्हा कसे मिळतील तेही आधी बघून ठेवा. रीसेटनंतर सगळं जसंच्या तसं परत आणायचा पर्याय फोन आनंदाने देईल. तो घेतलात तर जुनी सगळी ॲप पुन्हा येतील, काहींची जुनी सेटिंगही. संपर्क आणि चॅट तेवढे आणा, ॲप लागेल तसं एकेक टाका, आणि व्हॉट्सॲप पहिल्यांदा उघडल्यावर चॅट परत येताच मीडिया ऑटो-डाउनलोडमध्ये जाऊन वाय-फायच्या चारही खुणा काढा. नव्या इन्स्टॉलमध्ये त्या पुन्हा चालू झालेल्या असू शकतात.